हुकलेल्या टकरींचा मागोवा : बिरसीची धावपट्टी आणि लहान विमानांचे उतरणे

विमान वाहतुकीच्या इतिहासात झालेल्या अपघातांची नोंद फार काटेकोरपणे ठेवली गेली आहे. न झालेल्या, म्हणजे अगदी शेवटच्या क्षणी टळलेल्या अपघातांची नोंद मात्र त्या मानाने विस्कळीत आहे. दोन विमाने एकमेकांच्या इतकी जवळ आली की त्यांची सुरक्षितता धोक्यात आली असावी, असे वैमानिकाला किंवा हवाई वाहतूक नियंत्रकाला वाटले, तर त्या प्रसंगाला आंतरराष्ट्रीय परिभाषेत ‘एअरप्रॉक्स’ म्हणतात. मराठीत त्याला ‘हुकलेली टक्कर’ म्हणता येईल. या व्याख्येत ‘वाटले तर’ हे शब्द निर्णायक आहेत. अपघाताला अवशेष असतात, पंचनामा असतो. हुकलेल्या टकरीला यातले काहीच नसते. ज्याला ती जाणवली त्याने ती सांगितली तरच ती नोंदीत येते. ज्या धावपट्टीवर दिवसभर शिकाऊ वैमानिक लहान विमाने उतरवत असतात, तिथे ही गोष्ट विशेष महत्त्वाची ठरते. विदर्भात अशा धावपट्टीचे ठळक उदाहरण म्हणजे गोंदिया शहराजवळचा बिरसी विमानतळ.

गोंदिया हा तलावांचा आणि धानाचा जिल्हा. तिरोडा तालुक्यातील चोरखमारा हे गाव आणि त्याचा विस्तीर्ण तलाव नागझिरा अभयारण्याच्या सीमेवर आहे आणि अभयारण्याच्या एका प्रवेशद्वारालाही याच गावाचे नाव आहे. जंगलाचा गर्द पट्टा, त्याला लागून पाण्याचा चकाकणारा पत्रा, पलीकडे वैनगंगेचे वळण, मुंबई–हावडा लोहमार्गाची सरळ रेघ आणि तिरोड्याच्या औष्णिक वीज प्रकल्पाची उंच धुराडी, अशा खुणा आकाशातून लांबूनच ओळखू येतात. दृष्टी-उड्डाणात, म्हणजे उपकरणांपेक्षा डोळ्यांवर भिस्त ठेवून केलेल्या उड्डाणात, वैमानिक आपली जागा अशाच खुणांवरून ताडतो आणि रेडिओवर सांगतो. चोरखमाऱ्याच्या पाळीवर उभ्या माणसाला आकाशातले लहान विमान एकटेच दिसते. परंतु ते जेव्हा धावपट्टीकडे वळते, तेव्हा त्याच्या पुढे-मागे त्याच्यासारखीच आणखी विमाने असू शकतात.

बिरसीची धावपट्टी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४० साली ब्रिटिशांनी बांधली. युद्ध संपल्यावर ती दीर्घकाळ सार्वजनिक बांधकाम विभागाकडे राहिली, १९९८ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाकडे आली आणि डिसेंबर २००५ पासून भारतीय विमानतळ प्राधिकरणाच्या ताब्यात गेली. त्यानंतर धावपट्टी सुमारे २,३०० मीटर लांबीची झाली आणि २०००च्या दशकाच्या अखेरीस प्राधिकरण व कॅनडाची सीएई ही कंपनी यांच्या भागीदारीतून राष्ट्रीय उड्डाण प्रशिक्षण संस्था येथे उभी राहिली. रायबरेलीजवळच्या फुरसतगंजला मुख्य ठाणे असलेल्या इंदिरा गांधी राष्ट्रीय उडान अकादमीनेही प्रशिक्षणाचे तास वाढावेत म्हणून पुढे गोंदियात उड्डाणे सुरू केली. व्यावसायिक वैमानिकाचा परवाना मिळवण्यासाठी भारतात किमान २०० तासांचे उड्डाण लागते आणि त्यातला बराच भाग उतरण्याच्या सरावात जातो. दिवसभरात पट्टीवर एखाद-दुसरेच प्रवासी विमान उतरत असले, तरी बिरसीचे आकाश मोकळे असते असे म्हणता येत नाही, ते याचमुळे.

बिरसीचे आणखी एक वैशिष्ट्य फारसे चर्चेत येत नाही. भारतीय विमानतळ प्राधिकरणाची राष्ट्रीय विमानन प्रशिक्षण व व्यवस्थापन संस्था गोंदियातच आहे आणि प्रयागराज व हैदराबाद येथील केंद्रांप्रमाणे तिथेही हवाई वाहतूक नियंत्रकांना प्रशिक्षण दिले जाते. रेडिओच्या एका टोकाला बोलणारा वैमानिक आणि दुसऱ्या टोकाला ऐकणारा नियंत्रक, हे दोघेही एकाच जिल्ह्यात घडतात. हुकलेली टक्कर बहुतेक वेळा या दोन टोकांच्या मधल्या जागेत जन्म घेते, हे लक्षात घेतले तर हा योगायोग मोठ्या उपयोगाचा आहे.

‘नियंत्रित विमानतळ’ या शब्दाने मोठा गैरसमज निर्माण होतो. मनोऱ्यात नियंत्रक बसलेला आहे म्हणजे प्रत्येक विमानाला दुसऱ्यापासून दूर ठेवण्याची जबाबदारी त्याने उचलली आहे, असे सामान्य वाचकाला वाटते आणि कधी कधी नवख्या वैमानिकालाही वाटते. प्रत्यक्षात आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने हवाई क्षेत्राचे वर्ग पाडले आहेत आणि भारतातील बहुतेक नियंत्रित विमानतळांभोवतालचे क्षेत्र त्यांतील ‘डी’ वर्गात मोडते. या वर्गात उपकरणांच्या आधारे उडणाऱ्या दोन विमानांमध्ये ठरावीक अंतर राखणे हे नियंत्रकाचे काम असते. पण दृष्टी-उड्डाण करणाऱ्या दोन विमानांच्या बाबतीत तो फक्त माहिती देतो, उतरण्याचा क्रम लावतो आणि धावपट्टीवर एका वेळी एकच विमान राहील हे पाहतो. हवेत असताना समोरच्याला पाहणे आणि टाळणे ही जबाबदारी वैमानिकाचीच राहते. मनोऱ्याने ‘तुमचा क्रमांक दुसरा’ असे सांगितले, तर पहिल्या क्रमांकाचे विमान शोधून त्याच्या मागे राहायचे असते. ते दिसले नाही तर ‘दिसत नाही’ असे स्पष्ट सांगायचे असते. शिकाऊ वैमानिकाच्या तोंडी अशा वेळी ‘लुकिंग आउट’, म्हणजे ‘शोधतो आहे’, हे शब्द येतात, आणि कधी कधी विमान खरोखर दिसण्याआधीच ‘ट्रॅफिक इन साइट’ हे शब्द निसटतात. हे दोन शब्दप्रयोग कानाला सारख्याच विश्वासाचे वाटत असले, तरी त्यांच्यातला फरक जीवनमरणाचा आहे. दुसरे उत्तर आले की नियंत्रक त्या जोडीची काळजी सोडून पुढच्या विमानाकडे वळतो.

उतरण्याच्या सरावाची वाट आयताकृती असते आणि तिला ‘सर्किट’ म्हणतात. धावपट्टीवरून उडाल्यावर विमान बहुधा डावीकडे वळते, जमिनीपासून सुमारे १,००० फुटांवर धावपट्टीला समांतर पण उलट दिशेने जाते (या बाजूला ‘डाउनविंड’ म्हणतात), मग ‘बेस’ या आडव्या बाजूवर उतरू लागते आणि शेवटी धावपट्टीच्या रेषेत येते, ती ‘फायनल’. एका फेरीला साधारण पाच-सहा मिनिटे लागतात. चाके टेकताच पुन्हा वेग घेऊन उडणे, म्हणजे ‘टच अँड गो’, असा सराव चालू असेल तर तीच विमाने त्याच वाटेवर पुन्हा पुन्हा फिरत राहतात. बाहेरून येणारे विमान या रांगेत मध्येच शिरते आणि ताण तिथे निर्माण होतो.

समोरचे विमान वेळेवर दिसणे किती अवघड असते, याचा हिशेब धानाच्या जिल्ह्यात तरी सहज समजावा. बिरसीवर प्रशिक्षणासाठी वापरल्या जाणाऱ्या डायमंड डीए-४० या विमानाचा पंखविस्तार सुमारे १२ मीटर आहे. दीड किलोमीटरवरून हे विमान, हात पूर्ण लांब करून चिमटीत धरलेल्या तांदळाच्या दाण्याएवढे दिसते. दोन विमाने ताशी १३० किलोमीटर वेगाने समोरासमोर येत असतील तर हे अंतर सुमारे २१ सेकंदांत संपते. अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाच्या मार्गदर्शनानुसार एखादी वस्तू नजरेस पडल्यापासून ती विमान आहे हे ओळखणे, टकरीचा धोका जाणणे, वळायचे ठरवणे आणि विमानाने प्रत्यक्षात वळणे या सगळ्याला मिळून साडेबारा सेकंद लागतात. तांदळाचा दाणा दिसायला आठ-नऊ सेकंद उशीर झाला की हिशेब संपतो. त्यातही एक क्रूर भौमितिक सत्य आहे: जे विमान नेमके टकरीच्या मार्गावर असते, ते काचेवर सरकत नाही, एकाच जागी थिजून राहते आणि शेवटच्या काही क्षणांत एकदम मोठे होते; माणसाची नजर मात्र हलणाऱ्या गोष्टीकडे आधी वळते. म्हणून प्रशिक्षक नजर एका ठिकाणी न रोखता आकाशाचे तुकडे पाडून, प्रत्येक तुकड्यावर क्षणभर थांबून पाहायला शिकवतात.

फायनलवर अडचण आणखी वाढते. डीए-४० चे पंख खाली असतात, त्यामुळे त्यातील वैमानिकाला आपल्या खालचे दिसत नाही. सेस्ना १७२ सारख्या विमानाचे पंख वर असतात, त्यामुळे त्याला आपल्या वरचे दिसत नाही. खालच्या पंखाचे विमान वरून उतरत असेल आणि वरच्या पंखाचे त्याच्या खाली असेल, तर दोघेही एकमेकांच्या आंधळ्या जागेत असतात आणि दोघांचीही नजर समोरच्या धावपट्टीवर खिळलेली असते. उतरणाऱ्या दोन विमानांपैकी खालच्याला प्राधान्य द्यावे, पण त्या नियमाचा फायदा घेऊन त्याने दुसऱ्याच्या पुढे घुसू नये, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. मात्र दोघांनी एकमेकांना पाहिलेलेच नसेल तर तो नियम लागू करणार कोण? मोठ्या विमानांत टकरीचा इशारा देणारी टीकॅस ही यंत्रणा असते. पण ‘वर जा’, ‘खाली जा’ असे तिचे आदेश जमिनीपासून सुमारे १,००० फुटांखाली बंद ठेवलेले असतात, कारण तिथे खाली जाण्याचा आदेशच घातक ठरू शकतो. ज्या उंचीवर शिकाऊ विमानांची रांग फिरते, त्या उंचीवर शेवटी माणसाची नजर आणि माणसाचा आवाज एवढीच साधने उरतात.

महाराष्ट्रात विमानतळाच्या परिसरातील गोंधळाचा इतिहास जुहूपासून सुरू होतो. १९२८ मध्ये सुरू झालेला जुहूचा तळ आणि त्याच्या शेजारी दोन-तीन किलोमीटरवर वाढत गेलेला सांताक्रूझचा विमानतळ यांच्यात वैमानिकांची गफलत होत असे. १५ जुलै १९५३ रोजी ब्रिटिश कंपनी बीओएसीचे कॉमेट हे जेट विमान सांताक्रूझ समजून जुहूच्या आखूड पट्टीवर उतरले, आणि २४ सप्टेंबर १९७२ रोजी जपान एअरलाइन्सच्या डीसी-८ ने तीच चूक केली व ते पट्टी ओलांडून पुढे गेले. मनोऱ्याशी बोलणे झालेले असूनही, परवानगी मिळालेली असूनही, वैमानिकाने दुसरीच पट्टी आपली मानली. नजर मनाला पटलेले पाहते, हा धडा या दोन प्रसंगांत आहे, आणि तो लहान विमानांनाही तितकाच लागू आहे.

अमेरिकेत १९५६ साली ग्रँड कॅनियनवर दोन प्रवासी विमानांची टक्कर होऊन १२८ जण गेले, तेव्हा ‘पाहा आणि टाळा’ या तत्त्वाची मर्यादा जगाला कळली. भारतात ही जाणीव १२ नोव्हेंबर १९९६ रोजी झाली. त्या दिवशी हरियाणातील चरखी दादरीवर सौदी आणि कझाकस्तानच्या विमानांची टक्कर होऊन ३४९ जण मरण पावले. न्यायमूर्ती आर. सी. लाहोटी यांच्या चौकशीनंतर दिल्लीत येणाऱ्या आणि जाणाऱ्या विमानांचे मार्ग वेगळे करण्यात आले आणि मोठ्या विमानांना टीकॅस सक्तीची झाली. पुढील काळात मुंबईने दोन हुकलेल्या टकरी पाहिल्या: ९ फेब्रुवारी २००९ रोजी राष्ट्रपतींच्या ताफ्यातील हेलिकॉप्टर धावपट्टीवर असताना दिल्लीला निघालेल्या विमानाला धाव अर्ध्यात सोडावी लागली, आणि ८ जून २०२४ रोजी एक विमान उडत असतानाच दुसरे त्याच पट्टीवर उतरले. दोन्ही प्रसंगांची देशभर चर्चा झाली, कारण विमाने मोठी होती आणि ती मुंबई होती. दोन आसनी किंवा चार आसनी विमाने एखाद्या जिल्ह्याच्या पट्टीवर तितकीच जवळ आली, तर त्याची बातमी होत नाही.

लहान विमानांच्या टकरींचे धडे अमेरिकेतील नियंत्रित विमानतळांनी अलीकडे दिले. १२ मे २०२१ रोजी डेन्व्हरजवळच्या सेंटेनियल विमानतळावर, दोन समांतर पट्ट्यांकडे येणाऱ्या विमानांपैकी सिरस जातीचे लहान विमान आपल्या फायनलची रेषा ओलांडून दुसऱ्या रेषेत गेले आणि मालवाहू मेट्रोलायनरला धडकले. दोन्ही विमाने वेगवेगळ्या रेडिओ लहरींवर, वेगवेगळ्या नियंत्रकांशी बोलत होती. सिरस संपूर्ण विमानाच्या हवाई छत्रीने खाली आले, मेट्रोलायनर फाटलेल्या धडानिशी उतरले आणि कोणालाही इजा झाली नाही. १७ जुलै २०२२ रोजी नॉर्थ लास व्हेगास विमानतळावर जवळपास तीच चूक झाली. डाव्या पट्टीची परवानगी मिळालेले पायपर विमान उजव्या पट्टीच्या फायनलवर गेले, तिथे सेस्ना १७२ होते, आणि चौघे मृत्युमुखी पडले. पुढे ८ जुलै २०२५ रोजी कॅनडातील मॅनिटोबा प्रांतात स्टाइनबाखजवळ, मनोरा नसलेल्या प्रशिक्षण तळावर उतरण्याचा सराव करणारी दोन विमाने एकमेकांवर आदळली आणि दोन्ही विद्यार्थी गेले. त्यांतला एक केरळचा होता. परदेशी जाऊन परवाना मिळवणाऱ्या भारतीय मुलामुलींच्या, आणि त्यांत मराठी घरेही आली, पालकांसाठी ही बातमी दूरची नव्हती.

बिरसीला समांतर पट्टी नाही, त्यामुळे सेंटेनियलची चूक तिथे जशीच्या तशी घडणार नाही. पण गर्दीचे स्वरूप तिथेही बदलले आहे. १३ मार्च २०२२ रोजी इंदूर–गोंदिया–हैदराबाद ही प्रवासी सेवा सुरू झाली, ती थोड्याच महिन्यांत थांबली, आणि १ डिसेंबर २०२३ पासून इंडिगोने हैदराबादमार्गे तिरुपतीची सेवा सुरू केली. एटीआर-७२ सारखे सत्तरहून अधिक आसनांचे विमान फायनलवर लहान विमानापेक्षा बऱ्याच जास्त वेगाने येते, आणि त्याच्या पंखांच्या टोकांपासून सुटणारे हवेचे भोवरे मागून येणाऱ्या हलक्या विमानाला उलटवू शकतात. म्हणून मध्यम वजनाच्या विमानामागे हलके विमान उतरत असेल तर तीन मिनिटांचे अंतर असावे, असा निकष आहे. एक एटीआर आले की सर्किटमधील चार विद्यार्थ्यांना वाट लांबवावी लागते, थांबावे लागते, क्रम बदलावे लागतात. अशाच वेळी कोणाच्या तरी मनातला क्रम आणि मनोऱ्यातला क्रम वेगळा होतो.

गोंदियातून उडालेल्या प्रशिक्षण विमानांचे दोन अपघात लोकांच्या स्मरणात आहेत. २६ एप्रिल २०१७ रोजी एक विमान वैनगंगेच्या पात्रावरून ओढलेल्या तारेला अडकून कोसळले, आणि १८ मार्च २०२३ रोजी दुसरे बालाघाट जिल्ह्यातील डोंगरात पडले. दोन्ही वेळा प्रशिक्षक आणि प्रशिक्षणार्थी दोघेही मरण पावले. हे अपघात धावपट्टीपासून दूर घडले आणि त्यांत दुसरे विमान नव्हते, म्हणून या मागोव्याचा तो विषय नाही. तरीही त्यांचा उल्लेख आवश्यक आहे, कारण बिरसीबद्दल बाहेरच्या जगाला जे माहीत आहे ते एवढेच आहे. २०१२ मध्ये भारतात विमान अपघात तपास ब्युरो स्थापन झाला आणि टक्कर टाळण्यासाठी विमान वळवावे लागले असेल तर तो प्रसंग ‘गंभीर घटना’ म्हणून तपासावा, अशी आंतरराष्ट्रीय अपेक्षा आहे. पण वळवावे लागले हे सांगणारा शेवटी वैमानिकच असतो.

न सांगितलेल्या प्रसंगाची किंमत १ डिसेंबर १९७४ रोजी अमेरिकेने मोजली. वॉशिंग्टनकडे उतरणारे टीडब्ल्यूए कंपनीचे विमान परवानगीच्या शब्दांचा चुकीचा अर्थ घेऊन व्हर्जिनियातील डोंगरावर आदळले आणि ९२ जण मरण पावले. चौकशीत समजले, की सहा आठवड्यांपूर्वी दुसऱ्या एका कंपनीचे विमान त्याच गैरसमजातून त्याच डोंगरावरून थोडक्यात बचावले होते. त्या कंपनीने आपल्या वैमानिकांना सावध केले होते, पण ती माहिती कंपनीबाहेर गेली नव्हती. त्यानंतर १९७६ मध्ये नासा या संस्थेकडे गोपनीय अहवाल स्वीकारण्याचे काम देण्यात आले. ते नासाकडे दिले, कारण दंड करण्याचा अधिकार तिच्याकडे नव्हता, आणि चूक सांगणाऱ्याला शिक्षेची भीती वाटली तर तो सांगणार नाही हे तोपर्यंत सगळ्यांना कळले होते. भारतातही नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे स्वेच्छा अहवालाची सोय आहे. परंतु विशीतला विद्यार्थी, ज्याच्या घराने शिक्षणासाठी लाखो रुपयांचे कर्ज काढले आहे आणि ज्याचे पुढचे उड्डाण त्याच प्रशिक्षकाच्या सहीवर अवलंबून आहे, तो ‘आज माझे चुकले, समोरचे विमान मला दिसलेच नव्हते’ हे लिहील, यासाठी सोय पुरेशी नसते. तसे लिहिल्याने आपले नुकसान होणार नाही, हे त्याने आपल्या वरच्या तुकडीत घडताना पाहिलेले असावे लागते.

बिरसीवर वैमानिक आणि नियंत्रक दोघेही शिकतात, म्हणून अशा निर्भय नोंदींची सुरुवात करायला देशात याहून योग्य जागा सापडणे कठीण आहे. दोन्ही वर्गांना महिन्यातून एकदा एकत्र बसवावे, त्या महिन्यात सर्किटमध्ये जवळ आलेल्या विमानांचे प्रसंग नावे वगळून मांडावेत, आणि वर्षाअखेरीस ते छापावेत. जळगावसारख्या ज्या विमानतळांवर प्राधिकरणाने २०२१ नंतर नव्या उड्डाण संस्थांना जागा दिली, त्यांच्यापर्यंतही ते पोहोचावेत. यासाठी नवा कायदा लागत नाही, नवे रडार लागत नाही. आज संध्याकाळी शेवटचे विमान उतरल्यावर, दिवसभरात ज्या विद्यार्थ्याला समोरचे विमान उशिरा दिसले असेल, त्याने ते नोंदवहीत लिहावे आणि प्रशिक्षकाने ते वाचून त्याला उद्याच्या उड्डाणातून वगळू नये.